लग्न लावणारा हात

आमच्या घरात पूजा करणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, हे लहानपणीच कळायचं. माझे वडील पंचवटीत भिक्षुकी करायचे. "आज कुठे पूजा करायला चाललात?" असं कुणी विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "पूजा यजमान करतात. मी सांगतो." सत्यनारायण ते सांगायचे. लग्न मात्र लावायचे. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा आई ओट्यापाशी दही लावत होती. वडिलांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "दुधाला नुसतं सांगून दही लागेल का? आपला हात लागावा लागतो, आणि मग गप्प वाट बघत बसावं लागतं." आई म्हणाली, "वाट मी बघते. खायला तेवढे तुम्ही."

लग्नातली त्यांची वाट बघण्याची वस्तू म्हणजे घटिका. तांब्याची छोटी वाटी, तळाला सुईएवढं भोक. मुहूर्ताआधी ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की वेळ झाली, अंतरपाट दूर. लहानपणी मी त्यांच्याबरोबर लग्नांना जायची ती लाडवांसाठी, हे खरंच. पण एकदा का त्या घंगाळाशी बसले की लाडू विसरायची. वाटी फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. झेंडूचा वास, धुराचा वास, लांबून येणारा वडिलांचा आवाज. डोळे जड व्हायचे आणि मीच पाण्यावर तरंगतेय असं वाटायचं. अजूनही कधी दुपारी डोळा लागताना ती वाटी दिसते.

माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून ते म्हणायचे, "हिचं लग्न मीच लावणार." मग दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. उरला एक 'अं'. डावा हात शाबूत होता, पण डाव्या हाताने देवाधर्माचं काही करायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यामुळे देवाला साधं फूल वाहणंही थांबलं. मुलीचं ठरलं, सिन्नरचा मुलगा, तिनंच शोधलेला. बातमी ऐकून ते आधी हसले आणि मग मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मला देवाचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी दिवाच लावला नाही.

लग्नाला गंगेवरचे, म्हणजे आमच्या गोदाकाठचे, एक तरुण गुरुजी बोलावले. मी त्यांना म्हटलं, "घटिका तेवढी बाबांकडे राहू द्या." ते म्हणाले, "हल्ली मोबाइलवरच बघतो आम्ही. पण असू द्या, बसवा त्यांना." मी माळ्यावरून वाटी काढली, चिंचेने घासली. कार्यालयात वडिलांच्या उजव्या हातात ती ठेवली, मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती पाण्यावर सोडली.

मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकू नयेत म्हणतात. मी आपली रीत म्हणून खांबाआड गेले, आणि तिथून सगळं ऐकलं. हौशी मावश्यांची अष्टकं संपता संपेनात. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता उडवत होते, निम्म्या पुढच्याच्या डोक्यावर. पंख्याखाली लाल तांदूळ उडत होते, अंतरपाट हलत होता, आणि मला पुन्हा तेच तरंगल्यासारखं झालं होतं. अष्टकं संपली. गुरुजींनी मोबाइल बघितला आणि शेवटच्या 'सावधान'साठी श्वास घेतला.

"अं!"

आवाज वडिलांचा होता. वाटी पाण्यावर तशीच होती, अर्धीमुर्धी भरलेली. गुरुजी थांबले. नवऱ्या मुलाचे सिन्नरचे मामा पुढे सरकले, "गुरुजी, येळ झाली ना? पान्याकडं काय बघता, मोबाइल हाय की." वडिलांनी पुन्हा 'अं' केलं, मोठ्याने. कार्यालयातल्या माना तिकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यांना कळत नाही हो आता काही." ते ऐकून मी खांबाआडून निघाले, पण मध्ये माणसंच माणसं.

वडील वाटीकडे वाकून बघत होते. मग उजव्या हाताकडे बघितलं. मग डाव्या हाताकडे. अंतरपाटाआडून माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, सावकाश. मी थांबते."

त्यांनी डाव्या हाताचं बोट वाटीतल्या पाण्यात घातलं. तळाच्या भोकापाशी नेलं आणि वर काढलं. बोटाच्या टोकाला एक लाल तांदूळ चिकटला होता. कुणाची तरी अक्षता वाटीत पडून नेमकी भोकावर बसली होती. पाणी आता सरसर वर यायला लागलं. सगळे श्वास धरून बघत होते, मामासुद्धा. वाटी एकदा डुलली आणि आवाज न करता बुडाली. वडिलांनी मान हलवली, गुरुजींनी खणखणीत 'सावधान' म्हटलं आणि अंतरपाट बाजूला झाला. "लागलं, लागलं!" म्हणत मामांनीच सगळ्यात जास्त अक्षता उडवल्या. मी हमसून हमसून रडत होते. मुलीची आई म्हणून ते चालून गेलं.

नंतर दक्षिणेचा नारळ गुरुजींच्या हातात दिला, तर ते उठून वडिलांच्या खुर्चीपाशी गेले. "हा तुमचा. मी नुसतं म्हटलं. लग्न तुम्ही लावलंत."

वडिलांचा डावा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. नातीसाठी नेम मोडला होता. स्वतःसाठी मोडायचा नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर उताणा ठेवला, एकेक बोट उलगडलं आणि गुरुजींकडे बघितलं.