ज्याच्या मळ्यात भरीत

भाऊ बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून द्यायचे. लावलेलंच असलं, तर काढून पुन्हा लावायचे. मग हळूच म्हणायचे, "तू मन्हा घरना माणूस शेस. तुन्हं पक्कं शे." आमदारानं असा गळ्याशी हात नेला की भला माणूस कसा वितळतो, ते तुम्हीही आपापल्या गावात पाहिलं असेल.

माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. पण भाऊंच्या सभेला ते येईपर्यंत गर्दी धरून ठेवायचं काम माझं. त्यांची जीप धुळ्याकडे अडकली की मी माईकवर बोलत सुटायचो. विषय संपले की पंक्चर कसं ओळखावं तेही सांगायचो. भाऊ म्हणायचे, "आख्ख्या सभेत कामाचं तेवढंच शे!"

नगरपालिकेची निवडणूक आली. माझ्याही शर्टाचं बटण लावत भाऊ तिकिटाचं "पक्कं शे" म्हणाले होते. आम्हा कार्यकर्त्यांत एक समजूत होती, हिवाळ्यात भाऊ ज्याच्या मळ्यात भरीत खायला येतील त्याला तिकीट. मला कुठला मळा! मेहुण्याचा केळीचा मळा मागून घेतला. धुळ्याहून सफारी शिवून आणली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सफारीची पर्वा न करता स्वतः कुटली. भाऊंसाठी झेंडूचा हारही आणला. ते तो काढून माझ्या गळ्यात घालतील, असा माझा हिशेब.

भाऊ पोटभर जेवले. केळीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाले, "बठ्ठा खान्देशमा असं भरीत नाही." मग उठून उमेदवाराचं नाव सांगितलं. तेलगिरणीवाल्याचं! तो तर बोलावल्याशिवाय आला होता आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

"हार आणेल शे ना?" भाऊ मला म्हणाले. "घाल त्याले."

घातला. टाळ्याही मीच सुरू केल्या. सवय.

घरी बायको एवढंच म्हणाली, "उरलेलं भरीत तरी आणायचं होतं."

दुसऱ्या दिवशी भाऊंना गाठलं. "भाऊ, तुम्ही शब्द दिला होता."

ते मुळीच चिडले नाहीत. "परका माणूस रुसस, दुसरा पक्षात जास. तू थांबशी. म्हणून तुलेच सांगता येस, थांब."

माईक मी त्या दिवशी सोडला. पण खरं सांगू? त्या वाक्यावर मी पुढं कित्येक वर्षं जगलो. भाऊंनी फसवलं, पण एवढ्या हक्कानं फक्त मला!

भाऊ गेले. शोकसभेत तेलगिरणीवाला उठला. भाऊ त्याला नगराध्यक्ष करणार होते. ऐन वेळी म्हणाले, तू आपला, तू थांबशील. मग एक शिक्षक उठले. मग एक शिंपी. प्रत्येकाचं म्हणणं एकच, एवढ्या हक्कानं भाऊंनी फक्त त्यालाच थांबवलं होतं.

मागून कुणीतरी मला कोपरानं ढोसलं, "तुम्ही बोला ना, तुम्ही तर जवळचे."

मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढं सरकून पुढच्या वक्त्याला वाट करून दिली.