पोटात वेल असलेली अक्षरं

छापखान्यातले किस्से ठेवायला कपाट लागत नाही. चहाचा कप हातात आला की ते आपोआप बाहेर पडतात. पन्नास-साठच्या दशकात मी बंगळूरच्या बळेपेटेतल्या एका प्रेसमध्ये प्रुफं तपासायची. ते दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आमच्याकडे नाटक-सर्कशीच्या पोस्टरांसाठी एक इंग्रजी टाईप होता. लाकडी, चार बोटं उंच, जाडजूड, आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात मोगऱ्याची वेल कोरलेली! ओली पोस्टरं दोरीवर वाळत असली की खालून जाताना मांडवातून चालल्यासारखं वाटे. मी उगाचच दोनदा जायची.

खंडोजीअण्णा आमचे जुने जुळारी, छपाईची अक्षरं ओळीत लावणारे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, प्रेस हेच घर. साठीनंतर त्यांची नजर अधू झाली. शिशाच्या अक्षरांचे बारीक खिळे चुकू लागले. लाकडी अक्षरं मात्र ते वेल चाचपून बोटांनीच अचूक लावत.

"अक्का, मालकांना सांगू नको गं. घरी बसून काय भिंतींशी बोलू?"

मी कशी सांगणार! उलट, येईल ते काम गोड बोलून फुलांच्या टाईपात ढकलायला लागले.

* * *

एका वकिलांच्या शोकसभेचं पोस्टर आलं. "मोठी अक्षरं म्हणजे मोठा मान," असं मीच त्यांच्या भावाला पटवलं.

सभेला तुफान गर्दी! लोक पोराबाळांना घेऊन आले आणि दारात विचारू लागले, "तिकिटं कुठे मिळतात?"

* * *

दातांच्या डॉक्टरांना जाहिरातीचे कागद हवे होते. कागदावर 'TEETH' एवढंच मावलं.

"आणि माझा पत्ता?" डॉक्टर ओरडले.

"मागच्या बाजूला स्वल्प बारीक छापू," अण्णा शांतपणे म्हणाले. "ज्याचा दात दुखतो तो मागची बाजूसुद्धा बघतो, सर!"

* * *

मग वाचनालयासाठी 'SILENCE'च्या पाट्या केल्या. वाचक पुस्तकं सोडून पाटीपुढे जमले. मोगरा की जाई, यावर वाद पेटला!

ग्रंथपाल तणतणत थेट आमच्या मालकांकडे, शामरावांकडे आले. "'गप्प बसा' हे एवढ्या मोठ्यानं ओरडायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ते गेल्यावर अण्णाच पुढे झाले. "अक्काला बोलू नका, मालक. मला बारीक दिसत नाही, म्हणून तिनं हे सगळं केलं. उद्यापासून मी येत नाही."

मला रडू आवरेना. शामरावांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "माझी व्हिजिटिंग कार्डं संपलीत. ती उद्या जुळवायला घ्या."

"बारीक टाईप मला आता..."

"बारीक कोणी मागितला? फुलांचा लावा."

अण्णा गडबडले. "मालक, नावच दीड हात होईल! खिशात मावायचं कसं?"

"शिंप्याकडे जातो," शामराव म्हणाले. "खिसा मोठा करून घेतो."