पट्टीची पूजा

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बायकांना मार खायची सवय झाली होती, हे आधीच सांगून टाकते. लाजायचं कशाला? लाज मारणाऱ्याला. आम्ही बायका मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायचो आणि आमच्या डोक्यावर एक मास्तर. टाका वाकडा गेला की त्याची लाकडी पट्टी सप्पकन बोटांवर. एका श्रावणात माझ्या मधल्या बोटावर अशी बसली की पेर सुजून टम्म झालं. चूक काय, तर मी पाणी प्यायला उठले! ते बोट आजही नीट मिटत नाही. भाकरी थापताना मी त्या मेल्याला शिवी घातल्याशिवाय राहत नाही.

मालकाकडे गेले. मालक म्हणाले, "तक्रारपेटी लावलीय की भिंतीला. त्यात टाक." पेटी होती, खोटं कशाला बोलू? परदेशी गिऱ्हाईकाची तपासणी यायची म्हणून लावलेली. शेजारी काचेत नियमही होते, की कामाच्या जागी मारहाण, शिवीगाळ चालणार नाही. फक्त पेटीची किल्ली मास्तराच्या कमरेला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातली गत. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, या कारखान्यात एक तर तो राहील, नाही तर मी.

मालकाची हुशारी बघा. तपासणीच्या बाईंना त्यांनी मुद्दाम खंडेनवमीलाच बोलावलं. मशिनी धुतलेल्या, झेंडूच्या माळा, बायका ठेवणीतल्या साड्यांत, वर पेढे. बाई खूष होऊन जातील, असा बेत. पण खंडेनवमीला पूजा कशाची करतात? ज्या हत्यारानं काम करतो त्याची. पाटावर कात्र्या, नट आवळायचे पाने, तेलाची बुधली मांडलेली होती. मी मास्तराच्या टेबलावरची पट्टी उचलली, तिला हळदीकुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि पाटाच्या मधोमध मांडली.

मालक आरती घेऊन आले आणि पट्टी बघून अडखळले. बाईंनी कौतुकानं विचारलं, "यानं टॉवेल मोजता का?"

"मोजायला फीत हाय, मॅडम. हे मास्तरांचं हत्यार. ह्यानं आमाला मारत्यात." मी बोट पुढं केलं.

"खोटं बोलतीय! ए, गप बस!" मास्तर ओरडला. तेवढ्यात शेजारच्या मशीनवरच्या अक्कानं बांगड्या वर सारून मनगटावरचा वळ दाखवला. ही अक्का घरच्या तेलुगूतसुद्धा चार शब्दांवर जायची नाही. मग एकेक करत बाकीच्यांचेही हात पुढे आले. मास्तराचं तोंड पांढरंफटक पडलं. अगंबाई, काय सुख होतं ते बघण्यात!

बाईंनी पेटी उघडायला सांगितली. किल्ली कुणाकडे असते हे कळल्यावर त्या मालकाकडे वळल्या. "हा तुमचा बंदोबस्त? नुसती पाटी लावून कायदा पाळला जात नाही. कामगाराला मार बसणार नाही हे बघणं मालकाचं काम." लेखी तक्रार घ्या, चौकशी होईपर्यंत याला आत येऊ देऊ नका, आणि तक्रार करणारीला त्रास झाला तर आमची ऑर्डर विसरा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. तक्रार मी तिथंच लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी भवानी पेठेतल्या आमच्या दारात मास्तर हजर, हातात आपट्याची पानं. गल्लीच्या तोंडाशी मालकाची गाडी उभी होती, म्हणजे पाठवलं कुणी ते कळलंच.

"ताई, सोनं घ्या, सोन्यासारखं राहू. तक्रार तेवढी मागं घ्या. पोराबाळांचा बाप हाय मी."

ताई! कालपर्यंत मी 'ए' होते.

मागून सासूबाई म्हणाल्या, "घे गं. दसऱ्याचं सोनं वैऱ्याचंबी घ्यावं." आमच्याकडे खरंच कुणी नाकारत नाही. वर्षाची भांडणं त्या पानावर मिटतात, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी सोनं घेतलं असतं तर तक्रार संपली असती आणि सुट्टीनंतर पट्टी पुन्हा त्याच्या हातात.

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हटलं, "सोनं घरी न्या. चौकशीला या."

अख्खी गल्ली बघत होती. तो पानं पुढं धरून घाम पुसत उभा राहिला. मी दार लावलं नाही. तो मान खाली घालून गाडीपर्यंत जाईतो उंबऱ्यावरून डोळे भरून बघत राहिले.

पुढं चौकशी झाली आणि त्याला काढलं. सासूबाई अजून म्हणतात, तुझं काळीज लई दगडाचं. असू दे. त्या दसऱ्याच्या रात्री मी पुरणपोळी अशी पोटभर खाल्ली की लग्न होऊन या घरात आल्यापासून तशी कधी खाल्ली नव्हती.