उघड्या दाराच्या घरातला मॅलिनॉइज

मी हॉलमध्ये बसून हरेशशेठशी बोलत होतो, तेवढ्यात आणखी एक माणूस घरात शिरला. हाक नाही, बेल नाही. फ्रिज उघडला, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायला आणि गेला. जिन्याखाली बांधलेला रॉकी त्याच्यावर झेपावला आणि साखळीचा हिसका बसून मागं पडला. जरा आधी एक बाई साखर न्यायला आली होती, तेव्हाही हेच. असंच चाललं तर कुत्र्याची मान तरी जाणार नाहीतर कुणाची तरी पोटरी.

"हा शांत कधी होनार, सर?" शेठनी विचारलं.

"तुमच्या घरातली वर्दळ थांबल्यावर," मी म्हणालो. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मी पोलिसांच्या डॉग स्क्वॉडमध्ये हँडलर होतो. हँडलर म्हणजे कुत्र्याला सांभाळणारा आणि त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस. रिटायर झाल्यावर कामोठ्यात घर घेतलं. आता नवी मुंबईभर लोकांची कुत्री वळणावर आणत फिरतो. गुडघे कुरकुरतात, पण फोन थांबत नाहीत. आणि फोन येतो तो कायम कुत्रा घरात आल्यावर. आमच्या साताऱ्याकडं बैल आणायचा म्हटलं तरी माणूस आधी गोठा बघतो, वैरण बघतो. इथं रील बघतात आणि आणतात. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

रॉकी मॅलिनॉइज होता. दिसायला अल्सेशियनचा बारीक भाऊ. ही जात कामासाठीच तयार केलेली. नुसतं फिरवून भागत नाही, त्याच्या डोक्याला रोज काम लागतं, नाहीतर तो स्वतःच काम शोधतो आणि ते आपल्याला परवडत नाही. शेठच्या पार्टनरनं तो वास्तुशांतीला भेट दिला होता. बोनकोडे गावातला नवाकोरा बंगला, राखणीला भारीतला कुत्रा. परत कसा करणार? पार्टनर नाराज होईल.

मी म्हटलं, "शेठ, याला एकच गोष्ट शिकवायचीय. आपला कोण आणि परका कोण. तुमच्याकडं परका कोण आहे?"

शेठनी बराच विचार केला. "तसा परका कोन नाय. गावातली सगली आपलीच हायेत."

"मग हा राखणार कुणापासून?"

यावर ते हसले. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी सरळ सांगितलं, तुम्ही या कुत्र्याचे मालक व्हायला योग्य नाही. वाईट माणूस म्हणून नव्हे, तुमचं घरच तसं नाही म्हणून. ठेवायचाच असेल तर दार बंद ठेवा. येणाऱ्यानं बेल वाजवायची, कुत्र्यानं जागेवर बसायचं, मग दार उघडायचं. एक महिना करून बघा, मग ठरवा. शेठनी लगेच बेल बसवून घेतली, कॅमेऱ्यावाली.

मी सकाळ-संध्याकाळ जायला लागलो. रॉकी हुशार, दिलेलं काम पटकन उचलायचा. बेल वाजली की चटईवर जाऊन बसायला लागला. शेठ खूश. त्याचे व्हिडिओ काढून पार्टनरला पाठवायचे. माझ्या कामाच्या हिशेबानं केस सुटली होती.

सुटली नव्हती ती शेठच्या आईची. म्हातारी पूर्वी दुपारी उंबऱ्यापाशी बसायची आणि गावातल्या बाया तिच्याभोवती जमायच्या. सुका जवळा निवडायचा, सुनांची उणीदुणी काढायची, तिथंच अंग टाकून डुलकी घ्यायची. तिचा नवरा गेल्यापासून तेच तिचं जगणं. आता ती एसीत एकटी बसलेली दिसायची. मी विचारलं, आजी, मैत्रिणी कुठं गेल्या? तिनं सांगितलं, त्यातली जनाबाई तिला देवळात भेटली तेव्हा म्हणाली, बेल वाजवाला आमी काय पावन्या हाव? एकीनं ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. या गावात बेल वाजवून जायचं ते परक्याच्या घरी. शेठनी बेल बसवली ती कुत्र्यासाठी, पण गावानं तिचा अर्थ आपल्या परीनं लावला. कुणी भांडलं नाही. फक्त यायचं बंद झालं.

महिना भरला तेव्हा शेठ मला म्हणाले, ठेवतो कुत्रा, आता काय टेन्शन नाय. म्हातारी तिथंच बसली होती.

"ठेव," ती म्हणाली. "कुत्रा शाना झाला. माज्याकडं मरनाला तरी कोन येल का, तेवडा इचार."

शेठ म्हणजे मोठा माणूस, चार बिल्डिंगांचा मालक, पण खाली मान घालून बसला. मला त्यांची कीव आली आणि म्हातारीपुढं माझीही मान वर होईना. मग त्यांनी माझ्यासमोरच पार्टनरला फोन लावून कुत्रा ठेवत नाही म्हणून सांगितलं. तो नाराज झाला, व्हायचाच होता.

माझा स्क्वॉडमधला एक जोडीदार पनवेलच्या पुढं मोठी नर्सरी राखतो. चौफेर कुंपण, एक गेट, बाहेरचं कुणी फिरकत नाही. रॉकीला मीच सोडून आलो. पहिल्याच दिवशी तो कुंपणाच्या कडेकडेनं पळत सुटला, थांबेचना. कधीपासून हेच हवं होतं बिचाऱ्याला. मला मात्र परतीच्या वाटेवर चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. महिनाभर रोज हाताला चाटणारं जनावर होतं ते.

शेठच्या घरी पुन्हा दार उघडं असतं. बाया लगेच आल्या नाहीत. म्हातारीला स्वतः घरोघर जाऊन बोलवावं लागलं, तेव्हा आल्या.

आता कुणी फोन करून विचारलं, सर, रॉटवायलर घेऊ का मॅलिनॉइज, तर मी जातीचं काही बोलत नाही. विचारतो, तुमच्याकडं दुपारी कोण येतं? बहुतेक जण सांगतात, कुणीच नाही.

मग घ्या, म्हणतो. तुम्हाला चालेल.