कूलरच्या आवाजाआड

मी माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई आहे. मिक्सर असो, इस्त्री असो की साधा बल्ब, खोकं उघडलं की आधी ते पातळ पुस्तक हातात घेते आणि मगच वस्तूला हात लावते. अकोल्यात माझ्यासारखी दुसरी कोणी असेल तर तिनं घरी यावं, मी चहा पाजीन आणि आमच्या वॉशिंग मशीनबद्दल तासभर बोलेन. शाळेत मी गणित शिकवते, पण स्टाफरूममध्ये माझी ओळख निराळी आहे. कोणाला फ्रिज घ्यायचा असला की मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन बसतात.

माझी मतं पक्की आहेत आणि न विचारताही मी ती देते. स्वयंपाकघरातल्या वस्तूला काचेचं टच पॅनल लावणाऱ्या माणसानं जन्मात कधी कणीक मळलेली नसते. पिठाचा हात लागला की इंडक्शनची शेगडी ढिम्म हलत नाही. जुनं गोल फिरवायचं बटण मात्र शेवटपर्यंत साथ देतं. जो पंखा चालू करायला आधी फोन शोधावा लागतो तो पंखा नव्हे, ती कटकट. सांगितलं की दिवा लावणारा स्पीकर आमच्याकडे आहे, पण तो पाहुणे आले की कामाला येतो, एरवी मी उठून बटण दाबते. आणि वस्तू कोणतीही असो, बटण दाबलं की तिनं काहीतरी म्हटलं पाहिजे. बारीकशी ‘पीप’ पुरे. ती पीप म्हणजे वस्तूची सभ्यता, असं मी सगळ्यांना सांगायचे.

माझं माहेर अमरावतीजवळ वलगावला. घराला लागूनच बाबांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, गुलाब आणि बांधाकडेला थोडा भाजीपाला. फुलं तोडली की पहाटे माल अमरावतीच्या बाजारात न्यायचा आणि हर्रासात उभं राहायचं. हर्रास म्हणजे लिलाव. अडत्या ढिगासमोर उभा राहून पुकारतो, व्यापारी चारी बाजूंनी बोली लावतात, आणि बोली पटली नाही तर शेतकऱ्यानं तिथल्या तिथं ‘नाही देत’ म्हणायचं. त्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांचा नकार अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायचे ते त्या नकारासाठीच.

आणि घरात होता कूलर. वऱ्हाडात राहणाऱ्याला कूलर समजावून सांगायची गरज नाही, पण पुण्याकडच्या माझ्या जावेला सांगावा लागला, म्हणून इथंही सांगते. कपाटाच्या निम्म्या उंचीची पत्र्याची पेटी, तिला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, आत पाण्याचा पंप आणि पुढं भलामोठा पंखा. होळी झाली की ती खिडकीत बसते आणि जूनपर्यंत हलत नाही. थंडावा उत्तम, वीज कमी, दुरुस्ती गावातल्या गावात. यंत्र म्हणून मी त्याला दहापैकी नऊ गुण देते. एक कापला तो आवाजाचा. कूलर सुरू असला की घरातलं प्रत्येक माणूस ओरडून बोलतं, आणि कोणी ना कोणी ‘काय?’ म्हणतच असतं. त्यामुळे आमच्याकडे रीत पडली आहे, महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी कूलर बंद करायचा. ‘कूलर बंद कर वं’ असं कानावर आलं की आम्ही समजून जायचो, एक तर कोणाचं लग्न ठरतंय, नाहीतर कोणाची तरी खरडपट्टी निघणार आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाबा बदलले. बाजारात जाणं त्यांनी सोडलं. माल शेजाऱ्याच्या गाडीवर जायचा आणि मिळेल तो भाव घ्यायचा. विचारलं तर म्हणायचे, “उन्हाचं जमत नाई आता.” हर्रास पहाटे होतो, तेव्हा ऊन कुठलं, हे आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. लग्नात ते कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसत. फोन वाजला की आईकडे देत. उन्हाळ्यात ‘काय, काय’ करायचे, पण ते तर आम्ही सगळेच करायचो. वय झालं, असं सगळे म्हणाले.

यंदा होळी झाल्यावर मी गेले तेव्हा त्यांनी आईला कूलर बंद करायला लावला.

“या उन्हाळ्यानंतर मळा ठेक्यानं देऊन टाकतो म्हनतो,” ते म्हणाले. “मले नाई होत आता.”

मळा भाड्यानं कसायला देण्याबद्दल शेजारच्या मळेवाल्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. आई हातातला लसूण सोलत राहिली. ज्या माणसाला सकाळचा चहासुद्धा झेंडूच्या वाफ्यात उभ्यानं घ्यायची सवय, तो मळ्याशिवाय दिवसभर करणार काय? अकोल्याला परतताना बडनेऱ्यापर्यंत बसमध्ये मला दुसरं काही सुचेना.

आणि मला काही सुचेनासं झालं की मी वस्तू विकत घेते. ऊन सोसत नाही म्हणतात ना, मग एसी! तोही इन्व्हर्टरचा, कारण गावातलं कमी-जास्त व्होल्टेज तो सांभाळून घेतो आणि आवाज जवळजवळ करत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वलगावला मुक्काम ठोकला आणि मागच्या खोलीत एसी बसवून घेतला. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. खिडक्या-दारं लावली, बाहेरच्या खोलीतला कूलर बंद केला आणि रिमोट बाबांच्या हातात दिला.

बाबांनी नेम धरावा तसा रिमोट धरला आणि बटण दाबलं. पीप झाली. एसीची पट्टी हळूहळू उघडायला लागली, तेवढ्यात बाबांनी पुन्हा दाबलं. पीप. पट्टी मिटली. त्यांनी पुन्हा दाबलं.

“खराबच आनला का वं तू?” ते म्हणाले.

“बाबा, सारखं सारखं नका दाबू. एकदा वाजला की चालू झाला समजायचं.”

“कधी वाजला?”

मला हसू आलं. मी रिमोट घेऊन बटण दाबलं. पीप. “हा आता वाजला ना.”

बाबांनी एसीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिथूनच उत्तर मिळणार असल्यासारखं. “वाजला का?” त्यांनी तिलाच विचारलं.

त्या खोलीत कसलाही आवाज नव्हता. भर उन्हाळ्यात आमच्या घरात पहिल्यांदाच असं झालं होतं. मी बाबांच्या मागं गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा.” ते तसेच उभे. पुन्हा म्हटलं. मग वर्गात ओरडते तशी ओरडले, तेव्हा ते वळले आणि म्हणाले, “काय?”

आणि या वेळी बोट दाखवायला कूलर नव्हता.

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, पाठोपाठ आनंदही झाला. वय झालं म्हटलं की माणूस हात टेकतो, पण ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला यंत्र आहे. आणि यंत्राचं नाव निघालं की मी घाबरत नाही.

आम्ही तिघं पलंगावर बसलो. मी मोठ्यानं, तोंड त्यांच्याकडे ठेवून विचारत गेले, आणि बाबांनी हळूहळू सांगितलं. हर्रासात कोण काय बोली लावतो ते समजेनासं झालं होतं. एकदा त्यांनी भलत्याच बोलीला होकार दिला. “लोकं हासले,” ते म्हणाले. “मंग जाऊशाच वाटलं नाई.”

“मले काहून नाई सांगतलं?” आई कळवळून म्हणाली.

बाबांना तिचं बोलणं मला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, “सांगतलं असतं. पन तू काय म्हनली थे कुठं ऐकू आलं असतं?” आम्ही रडता रडता हसलो.

अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना बंद खोलीत बसवून तपासलं. जाडे आवाज शाबूत होते, बारीक आवाज गेले होते. म्हणजे ट्रॅक्टर, म्हैस, कूलर हे सगळं बाबांना व्यवस्थित ऐकू येत होतं. गेलं होतं ते माणसांच्या बोलण्यातलं धारदार तेवढं, माझी सभ्य पीप, आणि आईचा बारीक आवाज.

त्या दिवसांत श्रवणयंत्रांबद्दल मी जितकं वाचलं तितकं बी.एड.ला वाचलं नव्हतं. माझं मत असं झालं की कानात लपून बसणारं इवलंसं यंत्र घेऊ नये. फुलं तोडून राठ झालेल्या बोटांना ते सापडतच नाही. डाळीच्या दाण्याएवढे सेल बदलत बसण्यापेक्षा डबीत ठेवून चार्ज होणारं बरं. आवाज कमी-जास्त करायला यंत्रावरच बटण हवं, नुसतं फोनवर नको. आणि चष्मा लावला की माणूस हुशार दिसतो म्हणतात, मग कानामागं यंत्र लावलं की चोरी केल्यासारखं का वाटावं, हे मला अजून कळलेलं नाही. मी कानामागं बसणारं, ठसठशीत दिसणारं घेतलं.

दोन्ही कानांना ते लावून बाबा घरात शिरले तेव्हा बाहेरच्या खोलीत कूलर चालू होता. ते उंबऱ्यातच थबकले.

“हे काय, घरात गिरनी टाकली का?”

“कूलर आहे बाबा. आपलाच.”

“हा एवढा बोंबलते?” त्यांनी आईकडे पाहिलं. “मंग तुमी राह्यता कसे इथं?”

दोन-चार दिवसांनी यंत्रं भिंतीतल्या देवळीत जाऊन बसली. “बांगड्या वाजते, पेपर वाजते, माह्याच चपला वाजते,” बाबा म्हणाले. “मानूस बोलते थेच तेवढं राहून जाते.” मी चिडले. मी आणलेली वस्तू कोणी नाकारली की मला मलाच नाकारल्यासारखं वाटतं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान हे सगळं विसरलेत, त्यांना शांत जागी थोडं थोडं पुन्हा शिकवावं लागेल. वलगावात, मे महिन्यात, शांत जागा एकच होती. ज्या कामासाठी एसी आणला ते काम नव्हतंच, पण त्याला दुसरं मिळालं. रोज संध्याकाळी आई आणि बाबांनी मागच्या खोलीत दार लावून बसायचं, बाबांनी यंत्रं लावायची आणि आईनं बोलायचं. काय वाटेल ते. मी अकोल्याला परत आले आणि फोनवरून दम देत राहिले.

पुढच्या आठवड्यात गेले तर घर सामसूम. मला वाटलं दोघं मळ्यात असतील. मागच्या खोलीचं दार ढकललं तर आत दोघं पलंगावर बसलेले, मध्ये भुईमुगाच्या शेंगा, आणि आई काहीतरी सांगतेय आणि बाबा हसताहेत. दारापर्यंतसुद्धा आवाज येत नव्हता. नंतर चहा करताना आई मला म्हणाली, “किती वर्सानं मी हळू बोलून राहिली वं पोरी.” मला गलबलून आलं. थंडीतसुद्धा ती ओरडूनच बोलायची, तेव्हा तर कूलर माळ्यावर असायचा, आणि तरी आम्हाला तो तिचा स्वभाव वाटला होता.

जूनच्या तोंडाशी बाबा म्हणाले, “उद्या मीच जातो मालासंगं.” मी सोबत गेले. बाजारात हा कल्ला. हातगाड्या, पुकारे, कोणी कोणाला शिव्या घालतंय. बाबा बावरले. मी फोन काढून गर्दीतला आवाज कमी करायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. “ठेव थो फोन.” कानामागं बोट नेऊन त्यांनी स्वतःच बटण दाबलं. आमच्या झेंडूच्या ढिगाशी अडत्या आला. समोरून एक बोली आली, मग डावीकडून, मग पार मागून, गर्दीत न दिसणाऱ्या कोणाची तरी. बाबा चटकन मागं वळले. तोंड दिसत नसलेल्या माणसाकडे ते बरोबर वळले, हे मी पाहिलं.

“नाई देत!” बाबा गरजले.

“काका, तुमी आले का!” अडत्या ओरडला आणि हसत पुन्हा पुकारायला लागला. झेंडूच्या ढिगामागं उभी राहून मी ओढणीनं डोळे पुसले.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारचा मळेवाला घरी आला. आम्ही बाहेरच्या खोलीत होतो. बाबांनी त्याला बसवलं आणि आईला म्हणाले, “कूलर बंद कर वं.” खोली शांत झाली.

“मंग काका,” तो म्हणाला, “मळ्याचं काय ठरवलं?”

“काय?” बाबा म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन येणारी मी दारातच थांबले. पाहुण्यानं आवाज चढवला. “मळ्याचं म्हनतो! ठेक्याचं!”

“काय?”

तो बिचारा उठला, बाबांच्या कानाशी वाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. बाबांनी मान बाजूला घेतली.

“बोंबलून काहून राहिला बावा?” ते म्हणाले. “पयल्याच वेळी ऐकू आलं होतं मले. मळा देत नाई.”

पाहुणा आधी बावचळला आणि मग खो खो हसत सुटला. आई उठली आणि तिनं पुन्हा कूलर लावला.