भरतीला वाट

पोकलेनताई हे नाव तिला कोणी ठेवलं, कुणालाच आठवत नाही. नवऱ्याच्या कंबरेने दगा दिला, तेव्हा त्याचं खोदाईचं पोकलेन मशीन दारात गंजू द्यायचं की आपण चालवायचं, एवढाच प्रश्न होता. ती चढून बसली. आधी लोक हसले, मग खोदाईसाठी तिच्याच दारात उभे राहू लागले.

एके दिवशी खाडीवरचा जुना बांध फोडायचं काम तिच्याकडे आलं. त्या बांधाने भरतीचं पाणी अडवलं होतं. आतली खारफुटी वाळून गेली, मासळीची पिल्लं दिसेनाशी झाली, आणि झाडांची आडकाठी संपल्यामुळे वादळी लाटा थेट वस्तीत घुसायच्या. आता भरतीला पुन्हा वाट द्यायची होती. पाणी घरांत शिरू नये म्हणून वस्तीलगत मातीचा नवा बांध तिनेच घातला होता. त्याला लागून पहिलं घर तिच्या थोरल्या भावाचं.

"पाणी बोलावते आहेस, परत पाठवता येतं का तुला?" जुना बांध फोडायच्या दिवशी त्याने सकाळीच विचारलं.

"ओहोटीला आपणहून जातं, दादा."

"आणि तोवर आम्ही माळ्यावर बसायचं?"

तिने मशीन खाडीकडे नेलं. जुना बांध फोडला. पाणी आधी पाझरलं, मग मातीचे लचके तोडत आत धावलं. तिने मशीन कसंबसं मागे घेतलं आणि वस्तीकडे वळवलं. तिथे पोचते तोच वहिनी किंचाळली, "वन्सं, इकडे फुटतंय!"

नव्या बांधाच्या पायथ्यातून मनगटाएवढी धार भावाच्या अंगणात येत होती. मशीन बांधावर घालावं, तर वजनाने बांधच बसायचा. तिने ते अंगणातच उभं केलं, बकेट मातीने भरली आणि मशीनचा हात बांधापलीकडे लांबवला. पण पाण्याखालचं भोक नेमकं कुठे, हे तिला दिसेना.

भाऊ सदऱ्यासकट पलीकडच्या पाण्यात उतरला. पायाने चाचपत एका जागी थांबला. बांधावरून त्याचं फक्त डोकं दिसत होतं.

"इथेच आहे! टाक!"

"बाजूला हो आधी!"

"हललो तर जागा चुकेल. टाक म्हणतो ना!"

बकेट इंचाइंचाने उतरली, माती सुटली आणि डोकं दिसेनासं झालं. तिने बकेट तिथल्या तिथे थांबवली. मग चिखलाने माखलेला भाऊ खोकत वर आला, माती पक्की बसावी म्हणून तिच्यावर थयाथया नाचू लागला. "अजून टाक!"

धार बारीक झाली, थांबली. स्वयंपाकघरात पाणी शिरलंच होतं. भाजीचा वाफा खारावला, तो पुढे पिकला नाहीच, आणि वहिनी कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलायची.

पुढे भरतीबरोबर खारफुटीच्या शेंगा वाहत आल्या आणि चिखलात रुतून तग धरू लागल्या. उथळ पाण्यात कोळंबीची पिल्लं उड्या मारताना दिसली. पण मोठ्या उधाणाच्या दिवशी पोकलेनताई आजही दुसरं काम घेत नाही. बांधावर फिरते, टाचेने माती दाबून बघते. पलीकडच्या टोकाने भाऊ तेच करत येतो.