खंडेनवमीचा दंड

खंडेनवमीला आमच्या घरी शिलाईची मशीनं, कात्र्या, टेप, इस्त्री असं सगळं झाडूनपुसून पूजेला बसतं. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. धंद्याचा पैसा हेही हत्यारच, असं वडील सांगायचे. म्हणून मोठ्या कात्रीखाली पैशांचं पाकीटही ठेवायचं. म्हैसूरला येऊन आमच्या शिंपी घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेल्या, पण हा नेम कुणी मोडला नाही. त्यापायी दंड भरणारा मात्र मी पहिलाच.

त्याआधी मी एक शहाणपणा केला होता. हेब्बाळच्या एका कारखान्याचे युनिफॉर्म शिवायला मिळाले, म्हणून काजं करायचं मशीन कर्जावर आणलं. काजं हातानंही होतात, असं बायको म्हणत होती. धंदा मोठा करायचा तर विचार मोठा हवा, असं मी तिला सुनावलं. पुढे कारखान्यानं काम बंद केलं आणि मोठा विचार तेवढा दुकानात उरला, हप्त्यासकट.

त्या वर्षी हप्त्याची तारीख नेमकी खंडेनवमीला आली. पैसे कसेबसे जमवले होते, त्यातच मुलीच्या परीक्षेची फीही होती. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "आजच भरून या की बँकेत." मी म्हणालो, "उद्या बँकेला रजा. बंद बँक पैसे कापते का कधी?" आणि दुसऱ्या दिवशी पाकीट थाटात कात्रीखाली ठेवलं.

बंद बँकेनं कापायला पाहिलं. खात्यात काही नव्हतं, म्हणून हप्ता परत गेल्याचा दंड लागला. मग खात्यात कमीत कमी शिल्लक नाही म्हणून आणखी एक. दसऱ्यानंतर मी हप्त्यापुरते पैसे खात्यात भरले, तर आधी दंड वळते झाले, हप्त्याला पैसे कमी पडले आणि त्याचाही दंड बसला. पुढच्या खेपेला फीचे पैसेही खात्यात घातले, तेव्हा हप्ता गेला, पण फीतलं जेमतेम काही उरलं. फी भरायचा शेवटचा दिवस शनिवार होता. मुलीला हे सांगायची माझी छाती होईना.

शुक्रवारी आम्ही दोघं बँकेत दंड परत मागायला निघालो. दुकानाच्या काचेत टांगलेला नमुन्याचा कोट मी अंगावर चढवला. बायको बघतच राहिली. "अय्यो, कोट याके, कशाला आता? मागायला चाललोय नव्हं? सुम्ने, नुसत्या शर्टावर चला की." बँकेत माणसाची किंमत कपड्यांवरून होते, असं तिला समजावलं. ती काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा मी चुकत असतो, हे मला दर वेळी नंतर कळतं.

मॅनेजरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला अजून गंध लागलेलं होतं, कोपऱ्यात सुकलेलं शेवंतीचं फूल. वाटभर घोकलेलं वाक्य मी कन्नडात टाकलं, "साहेब, खंडेनवमीला तुमचंही मशीन पूजेला बसलं होतं. मग माझे पैसे कापले कुणी?"

तो हसेल असं वाटलं होतं. तो थकल्यासारखा म्हणाला, "हे नुसतं दाखवतं. कापणारं मशीन दुसऱ्या गावी असतं. त्याची पूजा कोण करणार?" मग तो म्हणाला, "घरची अडचण असेल तर दंड परत करायची मला थोडी मुभा आहे. तुम्हाला तशी अडचण आहे का?" आणि त्यानं माझ्या कोटाकडे पाहिलं.

मागच्या बाकावर आमच्या विठ्ठल मंदिराचे खजिनदार बसले होते. मागच्याच एकादशीला मी त्यांना सांगितलं होतं, कामाला उसंत नाही म्हणून.

"तशी विशेष काही नाही," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. मुलीची फी बुडत असताना, मागणाऱ्याच्या खुर्चीत बसून.

"कोट काढा," बायको म्हणाली.

मला वाटलं, घाम पुसायला सांगते आहे. "काढा म्हणते ना."

मी कोट काढला. आतल्या शर्टाची कॉलर मी वर्षापूर्वीच उलटवली होती. झिजली की उसवायची, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायची. कुणाला कळत नाही. पण हे एकदाच करता येतं, आणि आता ती दुसरी बाजूही विरून आतलं कॅनव्हास दिसत होतं. माझ्याकडे बोट न दाखवता बायको मॅनेजरला म्हणाली, "हे शिंपी आहेत, सर."

मॅनेजरनं अर्ज पुढे सरकवला. मागे खजिनदार ऐकत होते. मला लाज वाटली, खूप वाटली. सगळे नाही, पण फीपुरते दंड परत मिळाले आणि शनिवारी फी भरली. घरी जाताना कोट बायकोच्या हातावर होता. तो घाला असं ती म्हणाली नाही, मीही मागितला नाही.

सोमवारी दुकान बंद करायच्या वेळी खजिनदार आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी पिशवीतून तीन शर्ट काढले आणि कॉलरी वर केल्या. "ह्या उलटवून होतात का?" त्यांनी हळू विचारलं. मी होतात म्हणालो आणि बसायला स्टूल दिलं.

त्या थंडीत मी कोट एकही शिवला नाही. कॉलरी मात्र बऱ्याच उलटवल्या, आणि बहुतेक आमच्याच देवळातल्या माणसांच्या.